पहिला पेडलबोर्ड जुळवताना: क्रम, पॉवर आणि लेव्हल

इलेक्ट्रिक गिटार वाजवायला लागून थोडे दिवस झाले की पेडल्सचं, म्हणजे पायाने दाबून आवाज बदलायच्या छोट्या डब्यांचं, वेड लागतंच, आणि मग बहुतेक जण एकच विचारतात, की आता पुढचं कुठलं घेऊ. माझं सरळ मत आहे की हा प्रश्न जरा उशिरा विचारावा. हातात दोन-तीन पेडल्स असतील तर आधी तीच नीट जोडा, त्यांना धड पॉवर द्या, लेव्हल जुळवा आणि मग ऐका. कारण पेडलला आपल्या मनातलं काही कळत नसतं, त्याच्या आधी जे काही लावलंय तिकडून येणारा सिग्नल किती मोठा आहे, किती जाड आहे, त्यात किती दम आहे एवढ्यावरच ते वाजतं. एकच ड्राइव्ह पेडल, म्हणजे आवाज फाडणारं पेडल, एकाच्या बोर्डवर (पेडल्स मांडायची फळी) मस्त गातं आणि दुसऱ्याच्या बोर्डवर डब्यात माशी अडकल्यासारखं वाजतं, पेडल तेच असतं, फक्त आजूबाजूची माणसं, म्हणजे बाकीची पेडल्स, वेगळी असतात.

सुरुवात गिटारपासूनच करा. पिकअपची, म्हणजे तारांखालच्या चुंबक-कॉइलच्या पट्टीची, उंची ही फुकटातली सेटिंग आहे आणि तिच्याकडे कोणी बघतच नाही. शेवटच्या फ्रेटवर तार दाबून धरायची आणि तारेच्या खालच्या बाजूपासून पिकअपच्या पोलपर्यंतचं अंतर मोजायचं. जुन्या धाटणीच्या सिंगल कॉइलसाठी, म्हणजे एकाच कॉइलच्या पिकअपसाठी, फेंडर जाड तारेकडे साधारण २.४ मिलिमीटर आणि बारीक तारेकडे २ मिलिमीटर सांगतं, सुरुवातीला तेवढं ठेवा आणि मग कानाने कमी-जास्त करा. पिकअप अजून वर आणलं की आवाज मोठा होतो, म्हणून मोह होतो, पण सिंगल कॉइलचे मॅग्नेट तारेला खेचायला लागतात, वरच्या फ्रेट्सवर जाड तारांचा सूर डळमळतो आणि सस्टेनही, म्हणजे सूर टिकणंही, जातो. हंबकरला, म्हणजे दोन कॉइलच्या पिकअपला, हा त्रास कमी, तो थोडा जवळ चालतो. स्क्रू फिरवताना नेक आणि ब्रिज दोन्ही पिकअपचा आवाज साधारण सारख्या लेव्हलला येईल असं बघा, नाहीतर पुढे ड्राइव्ह लावल्यावर पिकअप बदललं की गेनही (आवाज फाटण्याचं प्रमाण) बदलणार आणि तुम्ही बिचाऱ्या पेडलला दोष देत बसणार.

आता केबल. साध्या पॅसिव्ह पिकअपचा इम्पीडन्स जास्त असतो, म्हणजे त्याच्या सिग्नलमध्ये ढकलायची ताकद कमी असते. गिटार केबलला साधारण दर मीटरला १०० पिकोफॅरडच्या आसपास कपॅसिटन्स असतो, त्यामुळे केबल जितकी लांब तितका वरचा ट्रेबल गळून जातो. सहा मीटरची केबल गिटारपासून बोर्डपर्यंत, परत सहा मीटरची बोर्डपासून ॲम्पपर्यंत, मधे छोट्या पॅच केबल्स, हे सगळं मिळून आवाजावर जाड चादर टाकल्यासारखं होतं. आणि इथेच ट्रू बायपासची भानगड येते. ट्रू बायपास म्हणजे पेडल बंद असताना सिग्नल आत कुठल्याही सर्किटला न लागता सरळ बाहेर जातो. ऐकायला फार चांगलं वाटतं, पण बोर्डवरची सगळीच पेडल्स ट्रू बायपास असतील तर सगळी बंद असताना तुमची गिटार ती पूर्ण केबल एकटीच ओढत असते. बफर, म्हणजे सिग्नलला ताकद देणारं छोटं सर्किट, असलेलं पेडल सिग्नलला दम देतं आणि पुढच्या केबलचा परिणाम जवळजवळ संपवतं. बॉस कंपनीची नेहमीची छोटी पेडल्स बफरवाली असतात, त्यांचा ट्यूनरसुद्धा, आणि मला विचाराल तर बोर्डवर असं एखादं पेडल असणं ही चांगलीच गोष्ट आहे, ट्रू बायपास म्हणजे चांगलं आणि बफर म्हणजे वाईट असं जे लोक डोळे मिटून सांगतात त्यांचं ऐकू नका.

तुम्हाला बफर लागतो की नाही हे स्वतःच तपासता येतं. एक छोटी केबल घेऊन गिटार सरळ ॲम्पला लावा, क्लीन, म्हणजे न फाटलेल्या, आवाजात एक उघडा कॉर्ड वाजवा, वरच्या दोन तारांचा खणखणीतपणा लक्षात ठेवा. मग सगळा बोर्ड मधे घाला, सगळी पेडल्स बंद, ॲम्पचे नॉब हलवायचे नाहीत, आणि तोच कॉर्ड. फरक जाणवला नाही तर विषय संपला. वरचा आवाज बुजल्यासारखा वाटला तर चेनच्या सुरुवातीला एक बफर टाका, आणि बोर्डपासून ॲम्प लांब असेल तर शेवटी आणखी एक. इतकंच. मात्र काही फझ पेडल्सना, म्हणजे खूप जाड, खरखरीत फाटलेला आवाज देणाऱ्या पेडल्सना, आधी बफर आलेला अजिबात चालत नाही, ते खाली सांगतो.

क्रमाबद्दल बोलू. बहुतेक पेडल्समध्ये इनपुट उजवीकडे आणि आउटपुट डावीकडे असतं, म्हणून बोर्डवर चेन उजवीकडून डावीकडे जाते, पहिल्यांदा जोडताना भरपूर लोक इथेच गोंधळतात. सगळीकडे चालणारा साधा क्रम म्हणजे आधी ट्यूनर, मग वाह (पायाने वर-खाली करून गिटारला ‘वाऽवा’ बोलवणारं पेडल), कॉम्प्रेसर (हळू-मोठा आवाज एकसारखा करणारा), मग ओव्हरड्राइव्ह आणि डिस्टॉर्शन, मग कोरस-फेझर वगैरे मॉड्युलेशन (आवाज डोलवणारी पेडल्स), मग डिले (पडसाद देणारा) आणि सगळ्यात शेवटी रिव्हर्ब. यामागचं कारण समजून घेतलं की पाठ करावं लागत नाही. डिस्टॉर्शनला जे द्याल ते सगळं तो चिरडून एकत्र करतो, त्यामुळे त्याच्या आधी साधा, स्वच्छ गिटारचा सिग्नल गेला तर सूर वेगवेगळे ऐकू येतात. डिले आधी लावला तर मूळ सूर आणि त्याचे पडसाद एकदमच चिरडले जातात आणि चिखल होतो. डिले नंतर लावला तर चिरडलेल्या सुराचे स्वच्छ पडसाद मिळतात. रिव्हर्ब म्हणजे खोली, आणि खोलीत सगळंच वाजतं म्हणून ती शेवटी. आता हा चिखलच कोणाला हवा असेल, जसं शूगेझ नावाच्या धूसर, गोंगाटी रॉकवाल्यांना हवा असतो, तर रिव्हर्ब मुद्दाम फझच्या आधी लावा, खूप सुंदर भिंत उभी राहते. पण मुद्दाम केलेलं आणि चुकून झालेलं यातला फरक ऐकणाऱ्याला कळतो, म्हणून आधी सरळ क्रम लावून ऐका आणि मग उलटापालट करा.

फझवर जरा थांबतो, कारण हे पेडल फार हट्टी आहे आणि मला फार आवडतं. फझ फेस १९६६ मध्ये लंडनच्या आर्बिटर कंपनीने काढला, आत फक्त दोन ट्रान्झिस्टर, सुरुवातीला जर्मेनियमचे. गिटारवादक जिमी हेंड्रिक्समुळे ते जगभर गेलं. त्याच्या सर्किटचा इनपुट इम्पीडन्स इतका कमी आहे की ते पिकअपला सरळ पकडतं, गिटारचं व्हॉल्यूम नॉब, पिकअपची कॉइल आणि फझ मिळून एकच सर्किट होतं. म्हणूनच गिटारचा व्हॉल्यूम १० वर ठेवला की गर्जना होते, आणि ७ वर आणला की एकदम चमकदार, जवळजवळ क्लीन आवाज येतो, आणि पेडलला पाय न लावता हे सगळं हातानेच होतं. आता मधे बफर टाका, म्हणजे उदाहरणार्थ बफरवाला ट्यूनर आधी लावा, आणि तीच गंमत करून बघा. आवाज किरकिरा होतो, वरच्या बाजूला खरखर वाढते आणि व्हॉल्यूम कमी केला तरी धड क्लीन होत नाही, नुसता बारीक आणि फाटका होतो. पेडल बिघडलेलं नसतं, त्याला गिटार दिसतच नसते. म्हणून या जातीचा फझ असेल तर तो गिटारच्या लगेच पुढे, ट्यूनरच्याही आधी. बिग मफसारखे फझ इतके नखरे करत नाहीत, ते बाकी ड्राइव्हच्या रांगेत कुठेही बसतात.

वाह आणि फझ फेस यांचंही आपसात पटत नाही. वाह आधी आणि त्याच्या पुढे फझ लावला की वाहचा स्वीप, म्हणजे पायाबरोबर वर-खाली सरकणारा आवाज, बारीक होऊन जातो, कधी शिट्टी वाजते. दोन उपाय आहेत, एकतर वाह फझच्या नंतर लावा, तेव्हा स्वीप मोठा आणि जास्त नाट्यमय येतो, किंवा आउटपुटला बफर असलेला वाह घ्या. मला पहिला उपाय जास्त आवडतो, पण फंकसाठी क्लीन आवाजात वाह वापरणाऱ्याला याचा काही फरक पडत नाही.

ओव्हरड्राइव्हची गोष्ट वेगळी. आयबानेझचा ट्यूब स्क्रीमर, म्हणजे टीएस८०८, १९७९ च्या सुमाराचा, आणि त्याच्या नकला आज इतक्या आहेत की कोणत्या ना कोणत्या रूपात ते सर्किट तुमच्या बोर्डवर येणारच. हे पेडल क्लीन ॲम्पवर ड्राइव्ह नॉब पूर्ण फिरवून वाजवलं तर थोडं नाकात बोलल्यासारखं वाटतं, आणि मग लोक म्हणतात की एवढं काय आहे यात. खरी मजा दुसरीकडे आहे. ॲम्पचा गेन एवढा ठेवा की हलकं वाजवलं तर क्लीन आणि जोरात मारलं तर कडा थोड्या फाटतील. मग पेडलवर ड्राइव्ह जवळजवळ शून्यावर, लेव्हल पाऊणच्या पुढे, टोन मधोमध. आता चालू करा. पेडल स्वतः फारसं डिस्टॉर्ट करत नाही, ते ॲम्पच्या पहिल्या भागाला जोरात ढकलतं, आणि जाता जाता साधारण ७०० हर्ट्झच्या खालचा भाग आवरून घेतं. गिटारची सगळ्यात जाड ई तार ८२ हर्ट्झच्या आसपास असते, तो खालचा भाग गेनमध्ये गेला की आवाज सैल आणि भसाडा होतो. तो आवरला की जाड तारा घट्ट वाजतात आणि सोलोचा मिड रेंज बँडच्या वर उठून येतो. स्टीव्ही रे वॉनपासून आजच्या मेटलवाल्यांपर्यंत सगळे हेच करतात, फक्त ॲम्प आणि गेन वेगळे.

दोन ड्राइव्ह एकापुढे एक लावायचे असतील, ज्याला सगळे स्टॅकिंग म्हणतात, तर एक गोष्ट लक्षात ठेवा. आधीच्या पेडलची लेव्हल वाढवली की पुढचं पेडल आधीच फाटत असल्यामुळे आवाज मोठा होत नाही, गेन वाढतो. नंतरच्या पेडलची लेव्हल वाढवली की खरोखर आवाज मोठा होतो, अर्थात ॲम्प क्लीन असेल तरच. सोलोला आवाज वर यायला हवा असेल तर बूस्ट (नुसती लेव्हल वाढवणारं पेडल) ड्राइव्हच्या नंतर, आणि नुसतं जास्त सस्टेन हवं असेल तर आधी. हे नीट न कळल्यामुळे कितीतरी लोक स्टेजवर बूस्ट दाबतात आणि तरी सोलो ऐकू येत नाही म्हणून वैतागतात.

कॉम्प्रेसरबद्दल थोडक्यात. तो चेनमध्ये लवकर लावा, आणि हे गृहीत धरा की तो हळू आवाज वर खेचतो म्हणजे गिटारची गुरगुरसुद्धा वर खेचणार. क्लीन कंट्री, फंक, स्लाइड यासाठी फार छान, ड्राइव्ह भरपूर वापरत असाल तर गरज कमी, कारण डिस्टॉर्शन स्वतःच कॉम्प्रेस करतं.

मॉड्युलेशनला, म्हणजे कोरस, फेझर, फ्लँजर, ट्रेमोलोला, ड्राइव्हच्या नंतर ठेवलं की ते रुंद आणि ठळक वाजतं. पण फेझर मात्र दोन्हीकडे ऐकून बघाच. एडी व्हॅन हेलनचा एमएक्सआर फेझ ९० फाटलेल्या ॲम्पच्या आधी असायचा, स्वीप संथ ठेवलेला, त्यामुळे फेझर वेगळा इफेक्ट म्हणून कळत नाही, सोलोमध्ये हलकीशी हालचाल तेवढी जाणवते. तोच फेझर ड्राइव्हच्या नंतर लावा, मग फेझिंग एकदम पुढे येतं. कोरसचं म्हणाल तर रोलंडच्या जेसी-१२० ॲम्पमधला कोरस १९७६ मध्ये बॉसने सीई-१ म्हणून पेडलमध्ये आणला, आणि आजही क्लीन आवाजावर कोरस हा पहिल्यांदा ऐकणाऱ्याला हमखास हसू आणणारा इफेक्ट आहे. डेप्थ अर्ध्याच्या खाली ठेवा. अर्ध्याच्या वर गेलं की गिटार बेसूर वाटायला लागते, कारण कोरस खरंच सूर थोडा वर-खाली करत असतो.

डिलेमध्ये दोन जाती आहेत आणि दोन्हींचा स्वभाव समजून घेतला की निवड सोपी होते. ॲनालॉग डिले बकेट ब्रिगेड चिपवर चालतो, सिग्नल एका टप्प्यातून पुढच्या टप्प्यात सरकवत नेला जातो, एमएन३००५ या गाजलेल्या चिपमध्ये असे ४०९६ टप्पे आहेत. वेळ जास्त हवा तर सरकवण्याचा वेग कमी करायचा, पण वेग कमी केला की ट्रेबल जातो आणि गोंगाट वाढतो, म्हणून आत फिल्टर लावलेले असतात आणि पडसाद गडद, मऊ होत जातात. बॉसचा १९८१ चा डीएम-२ जास्तीत जास्त ३०० मिलिसेकंदच द्यायचा तो याच कारणाने. मग १९८३ मध्ये त्यांनी डीडी-२ हा डिजिटल डिले काढला, तो ८०० मिलिसेकंदपर्यंत आणि पडसाद मूळ सुराइतका स्वच्छ. सोलोच्या मागे गुपचूप राहणारा डिले हवा तर ॲनालॉग, किंवा डिजिटलमधला ॲनालॉग मोड, आणि तालात ठोके देणारा डिले हवा तर डिजिटल.

ताल जुळवायचं गणित सोपं आहे, ६०,००० ला गाण्याच्या बीपीएमने, म्हणजे मिनिटाला किती ठोके त्या आकड्याने, भागा, एका ठोक्याचे मिलिसेकंद मिळतात. १२० बीपीएमला ५०० मिलिसेकंद. तो प्रसिद्ध धावता, उड्या मारणारा डिले हवा असेल, ज्याला डॉटेड एट्थ म्हणतात, तर आलेल्या आकड्याच्या पाऊणपट घ्या, म्हणजे १२० ला ३७५. आता साध्या एट्थ नोट (एका ठोक्यात दोन सूर) वाजवा, मिक्स जवळजवळ मूळ आवाजाइतका, फीडबॅक दोन-तीन पडसादांचा, आणि तुम्ही वाजवलेल्या दोन सुरांच्या बरोबर मधल्या जागेत पडसाद येऊन बसतो. हात हलला तर सगळं कोसळतं, त्यामुळे मेट्रोनोमबरोबर सराव करायला याच्यासारखं दुसरं काही नाही. रॉकॅबिलीचा स्लॅपबॅक हवा असेल तर ८० ते १३० मिलिसेकंद आणि एकच पडसाद.

ॲम्पचा स्वतःचा गेन वापरत असाल तर डिले-रिव्हर्ब ॲम्पच्या इनपुटला लावल्यावर तोच चिखल परत होतो, कारण आता ॲम्पच शेवटचं डिस्टॉर्शन आहे. ॲम्पच्या मागे सेंड आणि रिटर्न असे दोन जॅक असतील तर ते इफेक्ट्स लूपचे. सेंडमधून केबल डिलेच्या इनपुटला, रिव्हर्बच्या आउटपुटमधून रिटर्नला. ॲम्प क्लीन ठेवून सगळा ड्राइव्ह पेडल्समधूनच काढत असाल तर लूपची गरज नाही, सगळं पुढे लावा आणि दोन केबल्स वाचवा.

आता पॉवर, इथे घाई करू नका कारण इथेच पेडल जळतं. आजची बहुतेक पेडल्स ९ व्होल्ट डीसी, सेंटर निगेटिव्ह, २.१ मिलिमीटरच्या गोल पिनेवर चालतात. पण बहुतेक म्हणजे सगळी नाहीत. प्रत्येक पेडलच्या जॅकजवळ किंवा पाठीवर छापलेलं असतं, व्होल्ट किती, डीसी की एसी, मधली पिन प्लस की मायनस, आणि किती मिलिॲम्प लागतात. व्होल्टेज तंतोतंत हवं. करंट सप्लायकडे जास्त असला तर काही बिघडत नाही, पेडल स्वतःला लागेल तेवढाच घेतं, कमी पडला तर मात्र डिजिटल पेडल चालूच होत नाही किंवा मधेच बंद पडतं. साधा ॲनालॉग ड्राइव्ह ५ ते २० मिलिॲम्पमध्ये भागतो, डिजिटल डिले-रिव्हर्बला ५० पासून ३०० पर्यंत लागू शकतात. लाइन सिक्सचा जुना हिरवा डीएल४ तर ९ व्होल्ट एसी मागतो, त्याला डीसीच्या बोर्डवरून चालवायला जाऊ नका. आणि एखादं ९ व्होल्टचं पेडल १८ वर चांगलं वाजतं असं कोणी सांगितलं तर त्या पेडलच्या मॅन्युअलमध्ये तसं लिहिलंय का ते बघितल्याशिवाय करून बघू नका.

एकाच ॲडॉप्टरला फाटे फोडणारी केबल, म्हणजे डेझी चेन, तीन-चार ॲनालॉग पेडल्सपर्यंत व्यवस्थित चालते. त्यात डिजिटल पेडल आलं की त्याच्या आतल्या क्लॉकची बारीक शिट्टी ड्राइव्हमधून मोठी होऊन ऐकू येते. आणखी एक सापळा म्हणजे जुन्या पद्धतीचे पीएनपी जर्मेनियम फझ, त्यांचं ग्राउंड पॉझिटिव्ह असतं, ते डेझी चेनमध्ये बाकीच्या पेडल्सबरोबर लावलं की सप्लाय सरळ शॉर्ट होतो. अशा फझला बॅटरी द्या, तसाही तो महिनोन् महिने चालतो, फक्त वाजवून झाल्यावर इनपुटची केबल काढून ठेवा कारण केबल आत घातली की बॅटरी चालू होते, फूटस्विच बंद असला तरी. पाच-सहा पेडल्सच्या पुढे जाणार असाल तर पुढच्या पेडलचे पैसे आधी आयसोलेटेड पॉवर सप्लायवर घाला, ज्यात प्रत्येक आउटपुट खरंच वेगळं असतं. डब्यावर भोकं वेगवेगळी आहेत म्हणून आउटपुट आयसोलेटेड असेलच असं नाही, तसं स्पष्ट लिहिलेलं असलं पाहिजे.

तरी गोंगाट येतोच, तेव्हा अंदाजाने केबल्स उपटत बसू नका, रांगेने जा. आधी गिटारचा व्हॉल्यूम शून्य करा. गुरगुर गेली तर ती गिटारमधून येत होती, सिंगल कॉइलची नेहमीची हम, ज्या दिशेला तोंड करून बसलाय ती दिशा बदलून बघा, कमी-जास्त होताना स्पष्ट ऐकू येईल. लॅपटॉपच्या आणि चार्जरच्या जवळ बसू नका. व्हॉल्यूम शून्य करूनही गुरगुर राहिली तर चेन अर्धी करा. मधल्या पेडलच्या आउटपुटपासून सरळ ॲम्पला केबल लावा. आवाज गेला तर दोष ॲम्पकडच्या अर्ध्यात, राहिला तर गिटारकडच्या अर्ध्यात, आता त्या अर्ध्याचे परत दोन भाग. दहा पेडल्सचा बोर्ड असला तरी चार वेळा केबल हलवली की दोषी सापडतो, आणि बहुतेक वेळा तो पेडल नसून एखादी पॅच केबलच असते. केबल जॅकमध्ये हलकेच फिरवून बघा, खरखर आली तर ती बाजूला टाका. नॉइज गेट, म्हणजे वाजवत नसताना आवाज बंद करणारं पेडल, घ्यायचा तर हे सगळं करून झाल्यावरच, आणि तो ड्राइव्हच्या नंतर पण डिलेच्या आधी, नाहीतर पडसाद अर्ध्यात कापले जातात.

सेटिंग करताना कान फसवतो, याची जाणीव ठेवा. थोडासा मोठा आवाज नेहमी जास्त चांगला वाटतो, म्हणून दोन पेडल्सची तुलना करायची तर आधी दोन्हींची लेव्हल पेडल बंद असतानाच्या आवाजाइतकी करा आणि मग ठरवा. दुसरं असं की घरी हळू आवाजात कानाला बेस आणि ट्रेबल कमी ऐकू येतो, फ्लेचर आणि मन्सन यांनी हे १९३३ मध्येच मोजून दाखवलं होतं, त्यामुळे आपण बेडरूममध्ये बेस-ट्रेबल चढवतो, मिड काढून टाकतो आणि एकट्याला तो आवाज फार भारी वाटतो. तोच आवाज बँडमध्ये मोठ्याने लावला की बेस गिटार आणि सिंबल्सच्या मधे गिटार गायब. रिहर्सलला गेल्यावर पहिलं काम मिड वाढवणं, दुसरं काम गेन कमी करणं, तिसरं काम रिव्हर्ब कमी करणं. एकट्याने ऐकताना तो आवाज जरा कोरडा आणि टोचरा वाटेल, वाटू दे.

सगळं जुळलं, निदान आठवडाभर तसंच वाजवून झालं, की मगच बोर्डवर चिकटवा. पॅच केबल्स गरजेपेक्षा बोटभर लांब ठेवा, ताणलेली केबल जॅकचं सोल्डर सैल करते. पॉवरच्या वायरी एका कडेने आणि सिग्नलच्या केबल्स दुसऱ्या कडेने न्या, एकमेकांना ओलांडायच्याच असतील तर काटकोनात. वेल्क्रो लावायच्या आधी पेडलच्या खालची रबराची शीट काढून टाकू नका, ती फाटते आणि त्यावरचा सिरियल नंबर जातो, कडेने स्क्रूमध्ये अडकवायच्या पट्ट्या मिळतात त्या वापरा. जास्त वापरायचं पेडल पुढच्या रांगेत, एकदा चालू करून विसरायचं ते मागे, सिग्नलचा क्रम आणि पायाच्या सोयीचा क्रम एकच असायला हवा असं काही नाही. आणि सगळे नॉब आवडत्या जागी आले की वरून एक फोटो काढून ठेवा, कारण बोर्ड बॅगेत घालताना नॉब हमखास फिरतात.